नाणं हातात असताना

आमच्या नाणेमंडळात बोलायला बंदी आहे. तरी मंडळाचे किस्से इतके कसे साठले, हे मला अजून उमगलेलं नाही. खास गप्पा मारायला जमणाऱ्या एका भिशीत मी कित्येक वर्षं होते. तिथला सांगण्यासारखा एक किस्सा आठवत नाही. आणि इथे रविवारी सकाळी डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात, गुडघे बाकात अडकवून चार म्हातारी माणसं मुकाट नाणी बघत बसतात, आणि घरी जाताना माझ्याकडे पर्सभर किस्से असतात!

बंदीचं कारण साधं आहे. नाणं तोंडासमोर धरून बोललं की थुंकीचा बारीक शिंतोडा उडतो. तेव्हा दिसत नाही, पण काही वर्षांनी चांदीवर तिथे डाग उठतो आणि तो जात नाही. म्हणून नियम असा, की नाणं हातात तर तोंड बंद. बोलायचं असेल तर आधी नाणं समोरच्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवायचं. धरायचंसुद्धा कडेने, दोन बोटांत. राणीछाप रुपयावर राणीच्या गालाला अंगठा लागला, की तो ठसा तिथे राहिलाच म्हणून समजा.

हा नियम अधिकारींचा. अधिकारी ठाण्याचे, एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेले, मंडळातले सर्वांत ज्येष्ठ. लग्न केलं नाही. त्या नियमाला त्यांच्याकडे कुणाहीसाठी सूट नाही, हे मला पहिल्याच रविवारी कळलं.

* * *

आमचे हे गेल्यावर काही आठवड्यांनी मी त्यांची नाण्यांची पेटी घेऊन मंडळात गेले. मुलगा बंगलोरला असतो. तो फोनवर म्हणाला होता, "आई, ग्रेडिंग करून घे, मग सगळं एकदम विकून टाकू." ग्रेडिंग म्हणजे नाणं किती झिजलंय, कुणी कधी घासलंय का, हे भिंगातून बघून त्याची प्रत ठरवायची. मला त्यातलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं.

पेटी उघडली, वरचाच एक रुपया उचलला. "हे आमच्या ह्यांचं..." एवढं बोलले आणि रडू फुटलं. घरी सगळ्यांसमोर आलं नव्हतं ते रडू तिथे, तिसरीच्या वर्गात, 'क'ची बाराखडी आणि फळांची चित्रं यांच्यासमोर आलं. अधिकारी उठले, माझ्याजवळ आले. वाटलं, पाणी देतायत, नाहीतर खांद्यावर हात ठेवतायत.

ते म्हणाले, "वहिनी, आधी नाणं खाली ठेवा. मग रडा."

मी ठेवलं. आणि मग खरंच नीट रडता आलं.

* * *

त्याच दिवशी चहाच्या वेळी गायकवाड मॅडम माझ्याशेजारी येऊन बसल्या. या कल्याणच्या, शाळेत भूगोल शिकवायच्या. बोधिवृक्षाचं चिन्ह असलेली जुनी नाणी जमवतात, बाकी कशाला हात लावत नाहीत. म्हणाल्या, "कर्णिक गेल्यापासून चहाला मजाच नाही हो. काय बोलायचे! नकला काय, शिक्षकांच्या, सराफांच्या. पोट दुखायचं आमचं हसून."

मला वाटलं, मंडळात दुसरे कुणी कर्णिक असतील.

आमचे हे घरात दिवसाला मोजकं बोलत. चहा झाला का, बिल भरलं का, झोपतो. मी इतकी वर्षं समजून चालले होते, की देवाने माणूसच अबोल दिलाय, त्याला कोण काय करणार. आणि इथे हा माणूस दर रविवारी नकला करत होता!

घरी येताना रिक्षात विचार करत होते. चिडले होते, खोटं कशाला सांगू. कोपरच्या पुलावर आल्यावर एकदम लक्षात आलं. घरी हे बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे, समोर दिवा, डोळ्याला भिंग. घरी त्यांच्या हातात कायम नाणं असायचं.

* * *

पाटलांचा किस्सा मला तिघांनी तीन वेळा सांगितलाय, पण पाटील स्वतः सांगतात तो सर्वांत चांगला. पाटील कोपरचेच, आगरी. आजोबा मिठागरावर होते. आता पाटलांच्या तीन बिल्डिंगा आहेत आणि बोटात अंगठ्या. नाणी हाताळताना त्यांना त्या सगळ्या काढून रुमालात बांधाव्या लागतात, त्यात आमचा बराच वेळ जातो.

तर पाटलांच्या आजीची रुपयांची माळ होती. मुलीच्या लग्नात ती घालायची म्हणून पाटीलवहिनींनी भांडी घासायच्या पावडरीने ती लख्ख केली. पाटलांनी हौसेने मंडळात आणून दाखवली. आमच्या मंडळात नाण्याला अनेक प्रती आहेत, पण सर्वांत खालची प्रत म्हणजे 'धुतलेलं'. चांदीवर काळाने जी काळपट साय धरते, तीच नाण्याची खरी कातडी; ती घासून काढली की नाणं चकचकीत दिसतं आणि जाणकाराच्या दृष्टीने मेलेलं असतं. धुतलेल्या नाण्याला पुढे ग्रेडच नाही. झिजलेलं चालतं, धुतलेलं नाही.

आमच्या ह्यांनी ती माळ बघितली आणि उठून बाहेर गेले. "तीन महिनं माज्याशी बोललं नाय, वहिनी," पाटील सांगतात. "मी घरी जाऊन लग्नाची पत्रिका दिली, तं ती पन कडंनी धरून घेतली!"

मला तो दिवस आठवतो. पाटील दारात उभे होते आणि हे पत्रिका दोन बोटांत धरून आत आले होते. मला वाटलं होतं, हळद ओली असेल.

* * *

मंडळाची ओळख व्हायला लागली तसं माझ्या लक्षात आलं, की मी आणलेल्या नाण्याचा रुमाल सोडायला लागले की तिघांच्याही माना एकदम पुढे येतात, आणि नाणं दिसलं की परत मागे जातात. मी गायकवाड मॅडमना विचारलं. तेव्हा 'तो' रुपया कळला.

लग्नाच्या आधी, अगदी तरुण असताना, ह्यांना कल्याणच्या एका सराफाच्या मोडीत एक राणीछाप रुपया मिळाला होता. टांकसाळीतून निघाल्यापासून कुणाच्या हाताला न लागलेला, अंगावर निळसर-काळी साय. आणि वर एक खूण. तो पाडताना साच्याला तडा गेलेला होता, त्यामुळे राणीच्या हनुवटीखालून कडेपर्यंत केसाएवढी उंच रेघ उठली होती. अधिकारींनी तेव्हाच तो बघितला आणि मागितला. ह्यांनी दिला नाही. अधिकारींनी त्यानंतर दर वर्षी मागितला. असा रुपया त्यांनी ना आधी कधी बघितला होता, ना नंतर.

"मग काय झालं त्याचं?"

"तेच तर कुणाला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "लग्नानंतर कधी आणलाच नाही त्यांनी. विचारलं की एकच उत्तर. 'तो घरी आहे, कामाला आहे.' आम्ही म्हणायचो, नाणं कसलं काम करणार? तर नुसते हसायचे."

अधिकारींचं मत, लॉकरमध्ये असणार. पाटलांचं मत, गुपचूप विकला असणार. मी लॉकर बघून आले. त्यात माझ्या बांगड्या आणि मुलाचं जावळ होतं. मंडळातल्या माणसाला नकला माहीत, बायकोला नाहीत. आता मंडळाला माहीत नसलेलं काही असेल, तर ते मला तरी माहीत असावं, असं फार वाटलं. तेही नव्हतं.

* * *

मधला एक किस्सा ठाण्याचा. तिथे एका सभागृहात आम्ही नाण्यांचं छोटं प्रदर्शन मांडलं होतं. दुपारी एक गृहस्थ आले, टिटवाळ्याहून. इकडेतिकडे बघत आमच्या टेबलापाशी थांबले. बिल्डिंगचा पाया खणताना जमिनीत चांदीचं नाणं सापडलंय, म्हणाले. सरकारला कळायला नको, बायकोलाही सांगितलेलं नाही. पिशवीतून डबा, डब्यातून फडकं, फडक्यातून कागद. अधिकारींनी हातमोजे घातले. पाटलांनी अंगठ्या काढल्या. सगळ्यांची तोंडं बंद.

एका बाजूला लक्ष्मी. दुसऱ्या बाजूला 'शुभ दीपावली', सराफाचं नाव आणि खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

अधिकारींनी नाणं सावकाश खाली ठेवलं. तो माणूस आशेने विचारतो, "कुठल्या राजाचं असेल?"

गायकवाड मॅडम अगदी वर्गात बोलाव्यात तशा शांतपणे म्हणाल्या, "फोन लावून बघा ना. उचलतील."

* * *

आता माझी लबाडी सांगते. पेटीत नाणी पुष्कळ होती, पण मी दर रविवारी एकच न्यायची.

कारण उघड आहे. ग्रेडिंग संपलं की पेटी विकायची, आणि पेटी विकली की मी त्या वर्गात कोण? मी काही जमवत नाही. एरवी माझा आठवडा कसा जातो, तर भाजीवाला "किती देऊ" विचारतो आणि लिफ्टमधली बाई दिवसातून चारदा दरवाजा बंद करायला सांगते. कधी कधी मी तिला "हो गं" म्हणते. मुलगा फोन करतो, चांगला आहे, पण त्याचा प्रश्न ठरलेला. "आई, झालं का ग्रेडिंग?" मी म्हणायची, "चालू आहे रे. अशा गोष्टींना वेळ लागतो."

एकदा गायकवाड मॅडम म्हणाल्याच, "वहिनी, पेटीच आणा ना एकदम. एका बैठकीत उरकून टाकू."

एवढ्यात अधिकारी भिंग पुसत म्हणाले, "नको. एका दिवशी एकच बरं. डोळे दमतात."

हे अधिकारी प्रदर्शनात दिवसभर उभ्याने नाणी तपासतात आणि वर ठाण्याला जाऊन रात्री पेपर वाचतात! मी काही बोलले नाही. माझ्या हातात नाणं होतं.

* * *

दर रविवारी बघून बघून मलाही बघता यायला लागलं. आमच्याकडे प्रत सांगायची ती सर्वांत नवख्याने आधी, म्हणजे मोठ्यांचं ऐकून तो आपलं मत बदलणार नाही. म्हणजे पहिला नंबर कायम माझा. सुरुवातीला मी सगळ्याच नाण्यांना "छान आहे" म्हणायची. अधिकारी म्हणाले, "वहिनी, हे नाणं आहे. सून नाही."

मग मी शिकले. गाल बघायचा, केसांच्या बटा बघायच्या, अक्षरांच्या बेचक्यात घाण नैसर्गिक आहे की कुणी कोरून काढलीय ते बघायचं. नाणं उजेडात फिरवलं की चांगल्या नाण्यावर प्रकाश चक्रासारखा फिरतो. धुतलेल्यावर नुसता पांढरा पडून राहतो. हे सगळं ह्यांना मला घरी शिकवता आलं असतं, असं वाटायचं आणि राग यायचा. मग वाटायचं, आपण तरी कधी बाल्कनीत जाऊन विचारलं, की काय बघताय?

असं वर्ष गेलं आणि पेटी रिकामी झाली. शेवटचं नाणं दाखवलं तेव्हा तिघांच्या माना पुढे आल्या आणि मागे गेल्या. तो रुपया त्यात नव्हता. पाटील म्हणाले, "इकला आसल." निघताना मी म्हटलं, "येते." पुढच्या रविवारी, असं म्हणायला जीभ वळेना.

* * *

तो आठवडा फार वाईट गेला. मुलाने पेटीसाठी माणूस बघून ठेवला. शनिवारी देवपूजा करताना माझी नजर देवघरातल्या लक्ष्मीच्या वाटीकडे गेली. त्यात दिवाळीला पुजायचा चांदीचा रुपया असतो. घरोघरी असतो तसाच. मनात आलं, हेही नाणंच आहे की! एक रविवार तरी निघेल.

लाज वाटत होती. आता मला कळत होतं, की त्याची प्रत काय येणार. पण रविवार पाहिजे होता. उचलला, रुमालात गुंडाळला आणि गेले.

वर्गात मखमलीवर ठेवला. पहिला नंबर माझा. मी कडेने धरला, भिंग लावलं, उजेडात फिरवला. प्रकाश पांढरा पडून राहिला. अक्षरांत कुंकू बसलेलं. राणीचे केस सपाट, नाक पुसट. गेल्या दिवाळीला घरात सण नव्हता, त्यामुळे घासायचा राहून गेला होता आणि कडेकडेने पुन्हा काळपट व्हायला लागला होता. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "धुतलेलं."

गायकवाड मॅडमनी बघितला. "धुतलेलं."

पाटलांनी अंगठ्या काढल्या, बघितला. पुन्हा बघितला. मग प्रत न सांगताच अधिकारींपुढे ठेवला. असं ते कधी करत नाहीत.

अधिकारींनी हातमोजे घातले, भिंग लावलं आणि नाणं उजेडात पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं. शेवटी नाणं खाली ठेवून त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. "हनुवटीखाली बघा," म्हणाले.

तीच ती रेघ. कुंकू बसून लाल दिसत होती म्हणून मी ती सोडून दिली होती. केसाएवढी, कडेपर्यंत गेलेली. झिजून झिजून अगदी थोडी उरलेली.

"कुठे होतं हे?" अधिकारींनी विचारलं.

मग मी सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी ह्यांना म्हटलं होतं, लक्ष्मीपूजनाला घरात चांदीचा एक रुपयासुद्धा नाही. तेव्हा पेटी वगैरे काही नव्हती, डोंबिवलीत एक खोली होती. हे उठले, शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. मी बघितलं तर नाणं काळंकुट्ट. म्हटलं, असं कसं देवापुढे ठेवायचं? चिंचेचा कोळ घेतला, रांगोळीची पूड घेतली आणि जुन्या टूथब्रशने घासून काढलं. त्यानंतर दर दिवाळीला.

गायकवाड मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"आणि कर्णिक?" अधिकारींनी विचारलं. "तो काहीच बोलला नाही?"

मी आठवून बघितलं. मी घासायला बसले की हे बाल्कनीतून उठून यायचे आणि माझ्यासमोर पाटावर बसायचे. वर्षातून तेवढाच एक दिवस. मला वाटायचं, फराळाची वाट बघतायत. थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत बसायचे, मग म्हणायचे, "पुरे आता. छान झालंय." मी म्हणायची, "दिसत नाही का, कडेला अजून काळं आहे." आणि आणखी जोरात घासायची. हे हसायचे आणि तसेच बसून राहायचे, माझं होईपर्यंत.

शाळेच्या पटांगणात कुणीतरी क्रिकेट खेळत होतं, त्याचा आवाज येत होता.

पाटील खाली बघत म्हणाले, "मंग खराच कामाला व्हता."

अधिकारींनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. मग नुसत्या हाताने तो रुपया उचलला, कडेने नाही, सबंध मुठीत घेतला. मूठ उघडून अंगठा राणीच्या गालावरून एकदा फिरवला. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, दिवाळी पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही घासायला बसाल तेव्हा आम्ही समोर येऊन बसलो तर चालेल?"

नाणं त्यांच्या हातातच होतं.